नळ सुरू ठेवूनिया

फिरकीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. लोकांची फिरकी घेता घेता नावच पडलं फिरकी. दारावरच्या पाटीवरही तेच होतं आणि विजेच्या बिलावरही तेच यावं म्हणून तिनं एकदा अर्ज केला होता. तो नामंजूर झाला, तर त्या नकाराचं तिनं गाणं केलं.

धंदा विडंबनाचा. गाजलेलं गाणं घ्यायचं, चाल जशीच्या तशी ठेवायची आणि शब्द आपले घालायचे. गळ्यात अकॉर्डियन अडकवून ती कुठंही उभी राहायची. कारखान्यांची कॅन्टीन, बस डेपो, निवृत्तीचे निरोप समारंभ, सगळीकडे ती गायली होती. दातांच्या डॉक्टरांच्या संमेलनात तिनं एका विरहगीतात अक्कलदाढ घातली. डॉक्टर मंडळी आ वासून हसली, आणि दातांच्या डॉक्टरांचेही दात किडतात हे तिला त्या दिवशी कळलं.

तिच्या धंद्याचे दोनच नियम होते आणि दोन्ही तिनं दगडावरच्या रेघेसारखे पाळले होते. पहिला असा, की ज्या गाण्यानं आपल्याला रडू आलं नाही त्याची फिरकी घ्यायची नाही. आधी ते गाणं दार लावून सरळ गायचं, पुन्हा पुन्हा गायचं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत गायचं. मगच शब्दांना हात लावायचा. दुसरा नियम वडिलांनी घालून दिलेला, त्याहून सोपा आणि त्याहून अवघड. स्वतःच्या विनोदाला आपण हसायचं नाही. समोर माणसं खुर्चीतून घसरून खाली पडली तरी चेहरा शोकसभेतल्या अध्यक्षासारखाच ठेवायचा.

अख्ख्या शहरात एकच व्यासपीठ असं होतं जिथं तिचा पाय लागला नव्हता. ते म्हणजे संगीत संस्थेचं मोठं सभागृह. तिथं गाण्यासाठी तिनं ऐन उमेदीत विचारून पाहिलं होतं. ‘हे व्यासपीठ संगीतासाठी आहे,’ असं उत्तर आलं.

‘मग मी काय भांडी घासते?’ तिनं विचारलं होतं.

त्यावर संस्थेनं तोंडात मूग गिळले. नंतर विचारायला ती गेली नाही. पण त्या रस्त्यानं जाताना ती मुद्दाम सभागृहाच्या पायरीवर बसून एक गाणं म्हणायची, नाकावर टिच्चून, आणि मग भाजी घेऊन घरी जायची.

त्यामुळे संस्थेचे चिटणीस स्वतः जिना चढून तिच्या खोलीवर आले, तेव्हा तिला आधी वाटलं, पायरीवर बसल्याचा दंड मागायला आले असावेत.

खोली म्हणजे तिच्या वडिलांचं वाद्यदुरुस्तीचं जुनं दुकान. वडील गेले, दुकान बंद झालं, पण लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास भिंतींतून गेला नव्हता. खिळ्यांना अजून दोन-तीन बेवारशी व्हायोलिनं लटकत होती. फिरकी टेबलाशी बसून अकॉर्डियनच्या भात्याला चामड्याचं ठिगळ लावत होती. चिटणिसांनी स्टुलावर रुमाल अंथरला आणि त्यावर बेतानं बसले.

‘बाई, तुमच्या दादांचा सत्कार करतोय आम्ही,’ ते म्हणाले. ‘पुढच्या महिन्यात. एकच गाणं गाणार आहेत ते. लोकांना जे हवंय ते.’

‘दार,’ फिरकी म्हणाली.

‘दार. आणि आमची अशी इच्छा आहे की तुम्हीही यावं. व्यासपीठावर.’

फिरकीच्या हातातली सुई थांबली. गंमत अशी, की माणूस कितीही फटकळ असला तरी काही दारं उघडतायत म्हटल्यावर तो कान टवकारतोच. तिनंही टवकारले. पण चिटणिसांचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं.

‘त्यांच्या गाण्याआधी पाच मिनिटं तुमची. तुम्ही जे… जे ते नळाचं केलं होतंत, त्याबद्दल माफी मागायची. मग मूळ गाण्याचं पहिलं कडवं सरळ म्हणायचं, त्यांना फुलं द्यायची. लोकांच्याही डोळ्यांत पाणी येईल.’

‘आणि माफी नाही मागितली तर?’

‘मग व्यासपीठाचं जमणार नाही,’ चिटणीस म्हणाले. ‘तिकीट काढून वर बाल्कनीत बसू शकता. सगळ्यांसाठी खुलं आहे.’

‘ते नळाचं’ काय होतं हे सांगायला हवं.

दादा म्हणजे फिरकीचा थोरला भाऊ. दोघं याच दुकानात, याच टेबलाभोवती वडिलांकडून सूर शिकले. वडील म्हणायचे, शब्द काय वाटेल ते म्हणा, सूर खोटा लागला तर जेवण नाही. दादानं त्यातला सूर घेतला आणि मोठा गवई झाला. फिरकीनं सूरही घेतला आणि ‘शब्द काय वाटेल ते’ हेही मनावर घेतलं. दादाचं सगळ्यांत गाजलेलं गाणं होतं:

दार उघडे ठेवुनी गेलीस तू,
रात सारी आत येउन बैसली.
हाक माझी ऐकुनी वळशील का?
उंबऱ्याशी वाट माझी थांबली.

फिरकी हे गाणं पहिल्यांदा ऐकून जिन्यात बसून रडली होती. म्हणजे पहिला नियम पुरा झाला. मग तिनं ते घेतलं आणि केलं:

नळ सुरू ठेवूनिया गेलीस तू,
चप्पलांची नाव होउन चालली.
खालचे काका अचानक पोचले,
अन् घरातच छत्रि त्यांनी उघडली.

शहर वेडं झालं. ज्याच्या घरी पाणी येत नव्हतं तोही गुणगुणायला लागला. खालचे काका तर इतके लोकप्रिय झाले की काही इमारतींत खालच्या मजल्यावरच्या खऱ्या काकांना लोक छत्र्या भेट द्यायला लागले. आणि मग एका संध्याकाळी दादानं मैफलीत डोळे मिटून ‘दार उघडे’ सुरू केलं, आणि मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा हसला. मग हसू रांगांमागून रांगा पुढं आलं. दादानं गाणं पुरं केलं, तंबोरा खाली ठेवला, आणि घरी जाऊन बहिणीचा फोन घ्यायचं बंद केलं. बरीच वर्षं झाली त्याला. इतकी, की मधल्या काळात फिरकीचे केस पांढरे झाले आणि ते त्याला माहीतही नव्हतं.

चिटणिसांना फिरकी म्हणाली, ‘माफी कसली मागू? मी गाण्याची फिरकी घेतली, दादाची नाही.’

‘गाण्याची विटंबना झाली, बाई.’

‘विटंबना?’ फिरकीनं सुई टेबलावर आपटली. ‘अहो, खोट्या सुरात म्हटलं असतं तर विटंबना. एक तरी सूर इकडचा तिकडं झालाय का सांगा. माझ्या दादानं जितक्या वेळा ते गाणं म्हटलं असेल ना, त्याहून जास्त वेळा मी म्हटलंय, या खोलीत, दार लावून. तुम्ही किती वेळा रडलात त्या गाण्यानं? सांगा की.’

चिटणिसांना एकदम आपली दुसरी बैठक आठवली. रुमाल मात्र स्टुलावरच राहिला.

पुढच्याच आठवड्यात वहिनी आली. वहिनी म्हणजे दादाची बायको, दोघांच्या भांडणात उभी चिरलेली बाई. आल्या आल्या तिनं पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली, आणि एरवी तासभर इकडचं तिकडचं बोलणारी वहिनी थेट मुद्द्यावर आली.

‘वन्सं, तो विसरायला लागलाय.’

‘काय विसरायला?’

‘शब्द. माणसं नाही अजून. पण शब्द जातात. रियाजाला बसतो, मधेच थांबतो आणि मला विचारतो, पुढं काय? आणि मी सांगितलं की रागावतो. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार.’ वहिनीनं पदरानं मान पुसली. ‘सत्काराचं मी त्याला नको म्हणत होते. पण ऐकत नाही. म्हणतो, एकदा शेवटचं म्हणू दे.’

फिरकीनं वहिनीच्या हातातला रिकामा पेला घेऊन पुन्हा भरला.

‘दोन शब्दांची तर गोष्ट आहे,’ वहिनी म्हणाली. ‘मागून टाका माफी. तुमचं काय जातंय? उद्या तुम्ही कोण हेच त्याला आठवलं नाही, तर मग तुम्ही कुणाला भेटणार आहात?’

हे लागलं. लागावं म्हणूनच वहिनी बोलली होती आणि तिचं चुकलंही नव्हतं. फिरकी उठून खिडकीशी गेली. खाली सायकलवाला चाकाची हवा तपासत होता. आपला भाऊ आपल्याला विसरेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. तो रागावलेला राहील, मरेपर्यंत रागावलेला राहील, हे तिनं पचवलं होतं. रागावलेला भाऊ म्हणजे निदान भाऊ तरी असतो.

तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. माझं चुकलं. मी ते गाणं करायला नको होतं. दुसऱ्या वाक्याशी जीभ अडली. कारण ते गाणं केलं नसतं तर गिरणीच्या कॅन्टीनमधली ती बाई कुठं गेली असती? तिचा नवरा नुकता वारला होता. ती कोपऱ्यात बसली होती. खालच्या काकांनी घरात छत्री उघडली, आणि ती तोंडाला हात लावून हसायला लागली, मग रडायला लागली, मग पुन्हा हसायला लागली. जाताना ती फिरकीला म्हणाली होती, ‘पुन्हा म्हणा ना ते.’ आता तिला जाऊन काय सांगायचं? बाई, तुमचं ते हसणं चूक होतं, संस्थेनं तसा ठराव केलाय?

‘नाही वहिनी,’ फिरकी म्हणाली. ‘माझं काय जातंय म्हणालात ना? सगळंच जातंय. दादाला दुखलं, त्याचं मला वाईट वाटतं. ते मी त्याला घरी येऊन सांगीन, तो दार उघडेल तर. पण त्या व्यासपीठावर उभं राहून, मी आयुष्यभर जे केलं ते घाण होतं, असं मी म्हणणार नाही. तो मला विसरला तरी नाही म्हणणार.’

‘हट्टी आहात तुम्ही. दोघं एका माळेचे मणी.’

‘मी येईन. तिकीट काढीन, वर बसेन, ऐकेन त्याला.’

वहिनीनं पिशवी उचलली. तिचा राग जिना उतरताना चपलांच्या आवाजात नीट ऐकू येत होता.

सत्काराच्या दिवशी दुपारी फिरकीचा कार्यक्रम बस डेपोत होता. तिथून ती थेट सभागृहावर आली, छातीवर बस डेपोनं लावलेला पाहुण्यांचा बिल्ला, गळ्यात अकॉर्डियनची पेटी. दाराशी उभ्या असलेल्या माणसानं अडवलं. वाद्य आत नेता येणार नाही, म्हणाला.

‘वाद्य कुठलं? नातू आहे माझा,’ फिरकी म्हणाली. ‘झोपलाय. रडणार नाही.’

तो हसला आणि तिला सोडलं. हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, या एका गोष्टीवर तिनं संसार चालवला होता.

बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेत ती बसली, पेटीतून अकॉर्डियन काढून मांडीवर घेतलं, पेटी पायाशी सरकवली. वरून सभागृह पहिल्यांदाच आतून पाहत होती. लाकडाचं व्यासपीठ, मरून पडदा, पहिल्या रांगेत संस्थेची मंडळी, टोकाला वहिनी. भाषणं झाली. ती होतच राहिली. चिटणिसांनी दादाच्या गाण्याला ‘आपल्या सर्वांच्या मनातलं पवित्र दार’ म्हटलं, तेव्हा फिरकीनं दाढेखाली जीभ दाबून धरली.

मग दादा आला. म्हातारा झाला होता. कोणी सांगितलं नव्हतं तिला, की तो इतका म्हातारा झालाय. पण उभ्यानंच तंबोरा हातात घेतला, सूर लावला, आणि तो सूर तोच होता, दुकानातला, टेबलाभोवतीचा. ‘दार उघडे ठेवुनी गेलीस तू.’ फिरकीच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या वर्षांनीही पहिला नियम चोख होता.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी दादा थांबला.

साथीच्या व्हायोलिनवाल्यानं ओळ पुन्हा वाजवली. दादानं तोंड उघडलं, मिटलं. व्हायोलिनवाल्यानं आणखी एकदा वाजवली. पहिल्या रांगेत वहिनी खुर्चीच्या कडेवर आली होती. दादानं डोळे घट्ट मिटले, जणू आत कुठंतरी शब्द शोधत होता, आणि सापडले तसे म्हटले. भरल्या गळ्यानं, एक सूर इकडचा तिकडं न होता:

नळ सुरू ठेवूनिया गेलीस तू,
चप्पलांची नाव होउन चालली.

आणि डोळे उघडले. आपण काय म्हटलं ते त्याला कळलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर बाल्कनीतूनही दिसत होतं.

सभागृहात कोणी हसलं नाही. एकही माणूस नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या, कोणी चष्मा पुसायला लागलं, कोणी कार्यक्रमपत्रिकेत डोकं घातलं. बिचाऱ्याची दया आली होती लोकांना. चिटणीस विंगेकडे बघून पडदा पाडायची खूण करत होते. आणि दादा त्या शांततेत एकटा उभा होता, पट्टीच्या गवयासारखा नाही, रस्ता चुकलेल्या म्हाताऱ्यासारखा.

ही शांतता फिरकी ओळखत होती. विनोद पडला की जी पसरते ती. तिच्या धंद्यातले लोक त्या शांततेला मरणापेक्षा जास्त भितात. तिचा भाऊ त्या शांततेत उभा होता, आणि तिचे शब्द घेऊन उभा होता.

फिरकी हसली.

मोठ्यानं हसली. खोटं नव्हे, पोटातून. कारण ते खरोखरच इतकं भन्नाट झालं होतं. इतक्या दुःखानं, इतक्या शुद्ध सुरात ती ओळ तिला स्वतःला आयुष्यात कधी म्हणता आली नव्हती. दुसरा नियम मोडला तो मोडलाच. मांडीवरचं अकॉर्डियन निसटलं, भाता उघडला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा त्यानं एक लांब उसासा सोडला.

माना वळल्या. दादानं कपाळावर हात धरून वर पाहिलं.

‘कोण हसलं?’

‘मी!’ फिरकी ओरडली.

वहिनीनं डोळे मिटून घेतले.

‘स्वतःच्या विनोदाला हसतेस?’ दादा माइकमधून म्हणाला. ‘बाबांनी हेच शिकवलं?’

आता मात्र सभागृह हसलं. आधी भीतभीत, मग मोकळं. दया कुठल्या कुठं पळाली.

‘खाली ये,’ दादा म्हणाला. ‘पुढची ओळ तुझी आहे.’

फिरकी जिना उतरली, मधल्या वाटेनं निघाली, भाता दोन्ही हातांनी आवळून. व्यासपीठाच्या पायऱ्यांशी चिटणीस उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, निदान आता तरी. माइक समोर आहे. दोन शब्द माफीचे, म्हणजे सगळं निभावून जाईल.’

हळू आवाज असला तरी दादाचे कान शाबूत होते.

‘माफी?’ तो म्हणाला. ‘कसली माफी?’

‘त्या गाण्याबद्दल मी माफी मागावी असं यांचं म्हणणं आहे,’ फिरकी म्हणाली. पायरीवर उभी होती, श्वास लागला होता. ‘मी नाही म्हटलंय, दादा. तुला दुखलं, ते मला कळतं. पण गाण्याची माफी मी मागणार नाही.’

‘मागितलीस तर याद राख,’ दादा म्हणाला. ‘माझं मला आठवेना, तेव्हा तेच आलं धावून.’

ती वर चढली. जवळ गेल्यावर त्यानं तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि माइक हातानं झाकला.

‘तुला ते पाठ कसं रे?’ तिनं विचारलं.

‘रागानं,’ तो म्हणाला. ‘रोज सकाळी दाढी करताना एकेक ओळ म्हणायचो आणि तुला शिव्या द्यायचो. माझे शब्द चाललेत, फिरके. तुझा राग काही जात नाही.’

‘मग राहू दे,’ ती म्हणाली. ‘जपून ठेव.’

दादानं माइकवरचा हात काढला आणि चिटणिसांकडे वळला. चिटणीस पायरीवरच घोटाळत होते, खाली उतरावं की वर यावं हे न कळून.

‘अहो, बघताय काय? बाई बस डेपोत गाऊन आल्यात,’ दादा तिच्या बिल्ल्याकडे बोट दाखवत म्हणाला. ‘खुर्ची आणा त्यांना.’

विंगेत पडद्याच्या दोरीशी उभा असलेला माणूस जागचा हलेना. चिटणीस स्वतः आत गेले आणि खुर्ची उचलून घेऊन आले. फिरकीनं भाऊ उभा असताना बसायचं नाकारलं, दादाला त्या खुर्चीवर बसवलं, भाता उघडला, आणि खालच्या काकांना वर बोलावलं.